सत्ताविसाव्या ओळीची चिठ्ठी

मित्रांनो, मला आजवर कुणीही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही. ज्यांनी मला तयार केलं त्यांनीही नाही. मी एक जुना संदर्भग्रंथ आहे. गोष्टीच्या पुस्तकासारखं मला कुणी उशाशी घेत नाही, प्रवासात नेत नाही, वाढदिवसाला भेट म्हणून तर मुळीच देत नाही. काम पडलं की लोक येतात, हवं ते पान उघडतात, दोन आकडे उतरवून घेतात आणि मला मिटून निघून जातात. पण त्याचं दुःख उगाळत बसायचा माझा स्वभाव नाही. सहाशे बारा पानं, जाड पुठ्ठा, कापडी पाठ आणि त्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘वस्त्या व रहिवासी : तक्ते, खंड चौथा’. एवढं अंगावर असल्यावर थोडा ताठा येणारच.

माझ्या पोटात एक अख्खं शहर आहे, पन्नास वर्षांपूर्वीचं. कुठल्या वस्तीत किती घरं, किती माणसं, त्यात बायका किती, पुरुष किती, कोण काय काम करतं, किती जणांना वाचता येतं, तान्ही मुलं किती, सगळं ओळीनं मांडलेलं. ही माहिती आकाशातून पडली नाही. मोजणीवाले उन्हातान्हात दारोदार हिंडले होते. त्यांच्या अंगावर कुत्री आली, लोकांनी दारं लावून घेतली, काहींनी पाणी दिलं. ‘घरात माणसं किती?’ असं विचारल्यावर एका बाईनं उलट विचारलं होतं, “मागच्या महिन्यात गेला त्याला धरायचं का?” मोजणीवाला कागदावरचा हात उचलून म्हणाला, “नाही धरता येत, काकू.” हे सगळं माझ्यात छापलेलं नाही. पण प्रत्येक आकड्यामागे असं एक दार उघडलेलं आहे, हे मला ठाऊक आहे.

मग ते कागद एका लांबलचक खोलीत आले. तिथं कारकुनांनी त्यांचे तक्ते केले आणि तक्ते छापखान्यात गेले. त्या काळी एकेका अक्षराचा शिशाचा खिळा हातानं जुळवावा लागे. माझा जुळारी हाताचा चांगला होता, पण तक्ते जुळवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. पृष्ठ दोनशे चौदावर त्याची नजर एका ओळीनं घसरली. सत्ताविसाव्या ओळीत होती दोर वळणाऱ्यांची वस्ती. घरं दोनशे बारा, माणसं एक हजार सेहेचाळीस. अठ्ठाविसाव्या ओळीत होतं मिठागर. तिथं कुणीच राहत नव्हतं, म्हणून प्रत्येक रकान्यात नुसती आडवी रेघ. जुळाऱ्यानं नावं बरोबर बसवली आणि आकडे उलटेपालटे केले. दोरवाल्यांच्या नावापुढे रेघा आल्या आणि हजारावर माणसं मिठागरात राहायला गेली.

तुम्ही म्हणाल, मग तपासणारे काय करत होते? ते झोपले नव्हते. तक्त्याचं पान तपासायची त्यांची एक रीत होती. प्रत्येक रकान्याची बेरीज करायची, खाली छापलेल्या बेरजेशी ती जुळली की पानावर सही ठोकायची. भरवशाची रीत होती, वर्षानुवर्षं चाललेली. पण दोन ओळी एकमेकींच्या जागी गेल्या तर बेरीज कशी बदलणार? ती तंतोतंत जुळली. सही झाली. अशा रीतीनं मी जन्मलो तोच पोटात एक खोटं घेऊन, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात आलो. उंच खिडक्या, हिरव्या कापडाची लांब टेबलं, पाय घासले की करकरणारी लाकडी जमीन. माझ्या पहिल्या पानावर लाल शिक्का बसला, ‘बाहेर नेण्यास मनाई’. या शिक्क्याचा मला फार अभिमान. समोरच्या कपाटातल्या कादंबऱ्या घरोघर फिरून यायच्या. येताना कुणाच्या अंगावर चहाचा डाग, कुणाच्या पोटात बसचं तिकीट, कुणाचं शेवटचं पानच गायब. कुठं कुठं राहून आलो याच्या गप्पा त्या रात्री मारायच्या आणि मी नाक वर करून ऐकायचो. खरं सांगायचं तर थोडा जळायचोही.

या खोलीच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या ग्रंथपालबाई. चष्म्याला दोरी, आवाज हळू, चाल त्याहून हळू. हाताखालचे लोक त्यांना मागून ‘चिठ्ठीबाई’ म्हणायचे. त्याचं कारण ऐका. ग्रंथात चूक सापडली की छापणारे पुढे कधीतरी बोटभर कागदाच्या पट्ट्या छापून सगळ्या ग्रंथालयांना पाठवत. अमुक पान, अमुक ओळ, असं नाही, तसं वाचा. वरातीमागून घोडं म्हणतात तसाच प्रकार. बहुतेक ठिकाणी त्या पट्ट्या टेबलाच्या खणात पडायच्या आणि खणातून केरात जायच्या. चिठ्ठीबाई मात्र पट्टी आली की हातातलं काम बाजूला ठेवायच्या. मैद्याची पातळ खळ करायची, पट्टीच्या फक्त एका कडेला लावायची, ती बरोबर त्या ओळीवर बसवायची. पट्टी झाकणासारखी उघडायची आणि मिटायची. मग एका लांबट वहीत तारीख घालून लिहायचं, ‘दुरुस्ती चिकटवली’, आणि पुढे स्वतःच्या नावाची दोन अक्षरं.

मी दोन वर्षांचा होतो तेव्हा माझी पट्टी आली. ‘पृष्ठ २१४. ओळी २७ व २८ यांतील आकड्यांची अदलाबदल झाली आहे. वाचकांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.’ तेव्हा मला कळलं की मी दोन वर्षं लोकांना खोटं सांगत होतो. फार लाज वाटली. पाठीवर सोनेरी अक्षरं आणि पोटात ठिगळ. नाव मोठं, लक्षण खोटं. शेजारच्या तिसऱ्या खंडाला एकही चिठ्ठी नव्हती, तो मला ‘ठिगळ्या’ म्हणू लागला. पुढे त्याच्यात पाच निघाल्या, तेव्हा गप्प बसला.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत खळ शिजवायचं काम शिपाईमामांकडे आलं. मामा म्हणजे खोलीतला सगळ्यात बोलका माणूस. एकदा पट्टी लावताना ते म्हणाले, “बाई, एवढा खटाटोप कशाला? चुकीच्या आकड्यावर शाई फिरवतो आणि वर बरोबरचा लिहितो. झालं काम.”

“नको,” बाई म्हणाल्या. “खोडलं की ती चूक झालीच नव्हती असं वाटतं. चुकीच्या शेजारी बरोबर ठेवायचं. वाचणाऱ्याला दोन्ही दिसू दे.”

हे वाक्य मी ऐकलं आणि त्या दिवसापासून माझ्या चिठ्ठीची लाज कमी झाली. अजिबात गेली नाही, पण कमी झाली.

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षं. कोणी वाचता येणाऱ्या बायकांचा आकडा शोधायला यायचं, कोणी विहिरींचा. एक प्राध्यापक रोज दुपारी मला उघडून समोर ठेवायचे आणि माझ्यावरच डोकं टेकून झोपायचे. त्यांच्या प्रबंधात माझे आभार मानले आहेत असं ऐकतो. झोपेचे असावेत. काही जण पान उलटताना बोटाला थुंकी लावायचे, ते मला कधीच आवडलं नाही. पण कुणीतरी एकदम ‘सापडलं’ असं पुटपुटायचं आणि भराभरा लिहू लागायचं, तेव्हा माझं सगळं वजन हलकं व्हायचं.

मग बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी कपाटांवरून हात फिरवला आणि ती लांबट वही मामांच्या हातात दिली. पुढे काही वर्षांनी त्या गेल्याची बातमी आली. तोवर टेबलांवर संगणक आले होते आणि माझ्याकडे येणारे कमी झाले होते. एका संगणकाचा पडदा डोळ्यांच्या उंचीला येत नव्हता म्हणून मला त्याच्याखाली ठेवलं. ज्यानं माझी जागा घेतली त्यालाच मी डोक्यावर घेऊन बसलो. हसू नका. चार वर्षं मी ते काम केलं आणि पडदा एकदाही हलू दिला नाही.

नवे ग्रंथपाल तरुण होते आणि मनानं चांगले होते, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढची हकिकत ऐकून तुम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडाल. जुने ग्रंथ फाटून जाण्याआधी त्यांची चित्रं संगणकात उतरवून ठेवावीत, म्हणजे कुणालाही घरबसल्या पाहता येतील, असं त्यांनी ठरवलं. विचार उत्तमच. एक माणूस यंत्र घेऊन आला. त्याला सूचना होती, पानं सपाट हवीत, सुटे कागद, खुणा, चिठ्ठ्या सगळं आधी काढून ठेवायचं. माझी खळ वाळून गेली होती. त्यानं नखानं टिचकी मारली आणि पट्टी निघाली. एक बारीक कोपरा तेवढा मला चिकटून राहिला. पट्टी त्यानं ‘सुटे कागद’ लिहिलेल्या पाकिटात टाकली. मग काच माझ्या तोंडावर आली, उजेड चमकला आणि माझं चित्र निघालं. अगदी स्वच्छ चित्र, डाग नाही, सुरकुती नाही. आणि सत्ताविसाव्या ओळीत पुन्हा आडव्या रेघा.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण ग्रंथाला तोंड नसतं, पानं असतात, आणि ती दुसऱ्यानं उघडावी लागतात. मी मूग गिळून बसलो.

चित्रं निघाली, मग जुन्यांची गरज काय? यादी झाली. पाठ खिळखिळी, जागा जास्त खातो, प्रत संगणकात आहे. माझ्या नावापुढे लिहिलं ‘बाद’. आमचे गठ्ठे सुतळीनं बांधून देवघेवीच्या टेबलाशेजारी रचले. दर शनिवारी रद्दीवाला येऊन काही गठ्ठे घेऊन जायचा. माझा गठ्ठा येत्या शनिवारच्या खेपेत होता.

गुरुवारी दुपारी दोघीजणी आल्या. एक पन्नाशीची बाई, हाताचे तळवे घट्टे पडून लाकडासारखे झालेले. दुसरी तिची भाची, कॉलेजात समाजशास्त्र शिकणारी, खांद्याला पिशवी. आत्या टेबलाशी उभी राहिली आणि भाची नव्या ग्रंथपालांशी बोलू लागली. मी हातभर अंतरावर होतो. सगळं ऐकलं.

गोष्ट अशी होती. नदीकाठची दोरवाल्यांची वस्ती हलवायची असं कचेरीनं ठरवलं होतं. नियम एकच. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या पाहणीत जी वस्ती नोंदलेली असेल ती जुनी, तिला हात लावायचा नाही. जी नसेल ती नंतर आलेली, तिला जावं लागेल. कचेरीतल्या कारकुनानं संगणकावर माझं चित्र पाहिलं. दोरवाल्यांच्या नावापुढे रेघा. त्यानं लिहून टाकलं, ‘पाहणीच्या वेळी वस्ती निर्जन.’ सोमवारी शेवटची सुनावणी होती.

“दादा, आमच्याकडे कागद नाही दुसरा,” भाची म्हणाली. “नदीला पूर आला तेव्हा होते नव्हते ते सगळे गेले. तुमच्याकडे काही जुनं असेल तर बघा ना.”

ग्रंथपालांनी पडदा तिच्याकडे वळवला. “हे बघ, आमच्याकडेही हेच आहे. सत्तावीस क्रमांक. एकही माणूस नाही.”

“मग मी जन्मले कुठं?” आत्या शांतपणे म्हणाली.

ग्रंथपालांनी पडद्यावरची ओळ मोठी करून दाखवली. भाची पडद्यावर खालीवर बघत होती. आत्याला वाचायला फारसं येत नव्हतं, पण आकडे कळत होते. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “ही खालची वस्ती कोणती? हजारावर माणसं आहेत.”

“अठ्ठावीस. मिठागर,” भाचीनं वाचलं.

आत्या हसली. “मिठागरात? अगं, भरतीला तिथं गुडघाभर पाणी येतं. मिठागरात हजार माणसं राहत असतील तर ती मासे असतील. आणि बाकीचे रकाने बघ. काम काय लिहिलंय त्यांचं?”

भाचीनं रकाना शोधला. “दोर वळणे. दोनशे बारा घरांत… आत्या, सगळ्यांचं काम दोर वळणे लिहिलंय.”

ग्रंथपाल पुढे वाकले. पडद्यात इतका वेळ पाहूनही त्यांना हे दिसलं नव्हतं. “अदलाबदल झालेली दिसतेय,” ते म्हणाले. “पण तुमच्या माझ्या म्हणण्यावर कचेरी नाही ऐकणार. छापलेलं ते छापलेलं.”

“चौथा खंड ना?” मागून शिपाईमामांचा आवाज आला. आता ते निवृत्तीला आले होते. “त्यात चिठ्ठी होती, साहेब. दोनशे कितीतरी पानावर. चिठ्ठी लावायला शिकवताना बाई मला तेच पान उघडून दाखवायच्या, म्हणायच्या, बघा, अशी लावायची, सुरकुती न पडू देता.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळे माझ्याकडे वळले. मामा कात्री शोधू लागले तर आत्यानं गठ्ठा स्वतःकडे ओढला. “कात्री कशाला? गाठ आहे ती, वैरी नाही.” तिनं सुतळीला दोन बोटं लावली आणि गाठ सुटली. सुतळी चिमटीत फिरवून तिनं नाक मुरडलं. “यंत्राचा पीळ. पावसात पहिला सुटेल.” मग माझ्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आधी पुसलं आणि मग उघडलं.

पृष्ठ दोनशे चौदा. रेघा जिथल्या तिथं. भाचीचा चेहरा उतरला. “चिठ्ठी नाही, मामा.”

“नाही कशी? हे काय आहे?” मामांनी बोट ठेवलं. पन्नास वर्षांत माझी पानं पिवळी पडली होती. फक्त दोन ओळींवर बोटभर रुंदीचा एक पट्टा पांढरा राहिला होता, जिथं चिठ्ठीनं ऊन लागू दिलं नव्हतं. आणि कडेला कागदाचा तो बारीक कोपरा अजून चिकटलेला होता.

नव्या ग्रंथपालांनी तो कोपरा बोटानं चाचपला. ते खुर्चीवरून उठले, आपल्या कपाटाशी गेले आणि एक फुगलेलं पाकीट घेऊन आले. ‘सुटे कागद’. “टाकून द्यायचं होतं,” ते म्हणाले, “पण धीर झाला नाही.”

पाकीट हिरव्या कापडावर ओतलं. बसची तिकिटं, वाळलेली पानं, भाजीची यादी, कुणी कुणाला लिहिलेलं आणि कधी न दिलेलं एक पत्र, आणि शेकडो पट्ट्या. चौघं शोधायला बसले. बहुतेक पट्ट्यांवर ग्रंथाचं नावच नव्हतं, नुसतं पान आणि ओळ. दोनशे चौदा पानाच्याच तीन निघाल्या. एक विहिरींबद्दल होती. एकीवर ओळी निराळ्या होत्या. तिसरीवर सत्तावीस आणि अठ्ठावीस. तिचा खालचा कोपरा तुटलेला होता. मामांनी ती माझ्यावर धरली. पांढरा पट्टा झाकला गेला आणि तुटलेला कोपरा कोपऱ्याला मिळाला.

भाचीनं मोठ्यानं वाचलं. आत्या ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “परत वाच.”

ग्रंथपालांनी रिकामं पाकीट बाजूला सारलं. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “पानं सपाट हवीत, हे मीच सांगितलं होतं. मामा, बाई असत्या तर फार रागावल्या असत्या.”

“छे,” मामा म्हणाले. “खळ करा म्हणाल्या असत्या.”

मामांनी खळ केली. पट्टी सुरकुती न पडता बसली. मग त्यांनी आपल्या खणातून ती लांबट वही काढली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची ओळ सापडली. ‘खंड ४, पृ. २१४, दुरुस्ती चिकटवली’, तारीख, आणि बाईंची दोन अक्षरं. तिच्याखाली नव्या ग्रंथपालांनी त्या दिवशीची तारीख घालून लिहिलं, ‘आमच्या चुकीनं निघाली होती, पुन्हा चिकटवली.’

सोमवारी मी ग्रंथालयाबाहेर पडलो. शिक्का अंगावर असूनही. ग्रंथपालांनी स्वतःच्या सहीनं परवानगी लिहिली, मला कापडात गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून नदी दिसली आणि तिच्या काठाला एक लांब मोकळी जागा. तिथं बायका आणि पुरुष कमरेला काथ्याचे पुंजके बांधून, हातांनी दोर वळत मागं मागं चालत होते. तोंड दोराकडे, पाय मागं. त्यांच्या पलीकडे घरं. मित्रांनो, त्या वस्तीत किती घरं हे मला पन्नास वर्षं पाठ होतं. घर मात्र मी एकही पाहिलं नव्हतं. कापडाच्या फटीतून मी मोजायला लागलो, पण बस पुढे गेली.

कचेरीतल्या अधिकारीबाईंनी आधी पडदा पाहिला, मग मला. त्यांनी पट्टी उचलली, खालच्या रेघा पाहिल्या, पट्टी सोडली. परत उचलली. “चूक तशीच ठेवली आहे,” त्या म्हणाल्या.

“हो. आमच्याकडे तीच पद्धत आहे,” ग्रंथपाल म्हणाले.

“मग ही चिठ्ठी कालपरवा छापून लावली नाही कशावरून?”

ग्रंथपालांनी वही पुढे केली. पांढरा राहिलेला पट्टा दाखवला, चिकटून राहिलेला कोपरा दाखवला. “आणि संगणकातली प्रत चुकीची आहे, ती आमच्या हातून झाली, हे मी लिहून देतो. माझ्या नावावर घ्या.”

अधिकारीबाई वाचत राहिल्या. तेवढ्यात आत्या म्हणाली, “ताई, त्यात तान्ह्या मुलांचा आकडा असतो का?”

“असतो. का?”

“बघा ना किती आहेत.”

अधिकारीबाईंनी चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे अठ्ठाविसाव्या ओळीतून बोट सरकवत नेलं. “एक वर्षाखालील मुलं… एकतीस.”

“त्यातली एक मी,” आत्या म्हणाली.

अधिकारीबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं लोक माझ्यातले आकडे उतरवून नेत होते. आकडा स्वतः चालत येऊन माझ्यासमोर बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. एकतिसांतली बाकीची तीस कुठं असतील कोण जाणे. मला रडता येत नाही. कागदाला ओल सोसत नाही, म्हणून तेच बरं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. वस्ती जुनी ठरली. दोरवाले आजही नदीकाठी मागं मागं चालत दोर वळतात.

मी परत कपाटात आलो. त्या पानाची दोन नवी चित्रं निघाली, पहिलं पट्टी मिटलेली असताना आणि दुसरं ती उचललेली असताना. नव्या ग्रंथपालांनी सगळे गठ्ठे सोडले आणि मामांना सोबत घेऊन चिठ्ठ्या परत आपापल्या पानांवर लावायला घेतल्या. मामा निवृत्त झाले तरी मंगळवारी येतात, खळ करायला. पण शंभरावर चिठ्ठ्या अजून पाकिटात आहेत. त्यांची पानं आधीच्या शनिवारांनी नेली. त्या चिठ्ठ्यांवर खरं लिहिलेलं आहे, आणि ते कशाच्या शेजारी ठेवायचं हे आता कुणालाच माहीत नाही. तिसरा खंडही त्यांतल्याच एका शनिवारी गेला. तो मला ठिगळ्या म्हणायचा, तरी त्याची आठवण येते.

हल्ली मला कुठंही ठेवून हात काढला की मी आपोआप दोनशे चौदाव्या पानावर उघडतो. ज्या पानावर जास्त हात फिरले तिथं पुस्तकाची पाठ मऊ होते. मित्रांनो, आमच्यासारख्या जाड, कंटाळवाण्या, जुन्या पुस्तकांशी मायेनं वागा. थुंकी लावू नका. आमच्या पोटातला एखादा कागदाचा कपटा कचरा वाटला तरी टाकण्याआधी वाचून बघा. तुमच्याकडून चूक झाली तर खोडू नका, तिच्या शेजारी बरोबर काय ते लिहून ठेवा. आणि कुठल्याही तक्त्यात एखाद्या नावापुढे आडवी रेघ दिसली, तर तिथं कुणी राहत नाही असं लगेच धरून चालू नका. एकदा जाऊन बघा. दार वाजवा. आतून कुणीतरी विचारेल, “मग मी जन्मले कुठं?”